पाइपलाइनवरचा अक्रोड

२०१६च्या फेब्रुवारीत माझे आई-बाबा पहिल्यांदा ख्राइस्टचर्चला आमच्याकडे आले. बाबांना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. या तीन वर्षांत त्यांनी स्वयंपाकघराचा ओटा दोनदा हलवला होता, गच्चीचा उतार बदलला होता आणि सोसायटीच्या गेटवरून चेअरमनशी अबोला धरला होता. शेवटी आईने मला फोन केला. "सहा महिन्यांचा व्हिसा मिळतो ना? मग सहाच्या सहा महिने घेऊन येते यांना."

बाबा रस्ते खात्यातले. पुण्यापासून दोन-अडीच तासांवरच्या, भराभर वाढत गेलेल्या एका गावाच्या नगरपालिकेत त्यांनी चौतीस वर्षं रस्ते बांधले, रुंद केले, खणले आणि परत भरले. विमानतळावरून घरी येताना मी त्यांना डोंगर दाखवत होते आणि ते खिडकीतून खाली बघत होते. घर आल्यावर म्हणाले, "कॅम्बर छान दिलाय." कॅम्बर म्हणजे पाणी कडेला निघून जावं म्हणून रस्त्याला मध्यभागी ठेवलेला फुगवटा. मला हे लहानपणापासून माहीत आहे, कारण आमच्याकडे चहाला आलेल्या पाहुण्यांनाही ते समजावून सांगितलं जायचं.

आमचं घर शहराच्या पूर्वेला, नदीजवळ, रेड झोनच्या अगदी काठावर. २०११च्या भूकंपात या भागातली जमीन खचली, आतून राखाडी गाळ वर आला, आणि इथे पुन्हा घरं बांधण्यात अर्थ नाही असं ठरलं. सरकारने घरं विकत घेतली, पाडली, जागा सपाट करून तिथे गवत लावलं. या सगळ्या पट्ट्याला रेड झोन म्हणतात, असतो मात्र तो बाराही महिने हिरवागार. त्याची हद्द आमच्या रस्त्याच्या मधोमध पडली होती. आमच्या बाजूची घरं राहिली, समोरची गेली. आम्ही २०१३मध्ये घर घेतलं तेव्हा एजंट बाईने समोर हात करून सांगितलं होतं, "इथे तुम्हाला समोरच्यांचा त्रास कधीच होणार नाही."

घरं गेली तरी बाकी बरंच काही तिथेच राहिलं होतं. रस्ते, फुटपाथ, दिव्यांचे खांब, आणि लोकांच्या परसातली झाडं. एखाद्या ठिकाणी गुलाबाचं कुंपण नीट चौकोनात फुललेलं असायचं आणि आत काहीच नसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला गेले आणि तासाभराने काळजीत पडून परत आले. मी ऑफिसला निघत होते.

"अगं, इथे फुटपाथचे कर्ब आहेत, दिवे आहेत, मॅनहोल आहेत. घरं कुठे गेली?"

मी भूकंपाची हकिकत सांगितली. ती त्यांना ठाऊक होती. तेव्हा टीव्हीवर पाहिली होती. त्यांचा मुद्दा वेगळा होता.

"म्हणजे माणसं नाहीत आणि रस्ता आहे," ते म्हणाले. "मला आयुष्यभर याच्या उलटच भेटलं."

आईला त्या पट्ट्यात रस्ते दिसले नाहीत, फळं दिसली. फेब्रुवारी म्हणजे इथला उन्हाळा. प्लमची झाडं लगडून वाकली होती. ही फळं कुणाची नाहीत, कुणीही घ्यावीत, असं मी सांगितल्यावर तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. फळ कुणाचंच नसतं हे तिला पटेना. त्यावर तिने तोडगा काढला. प्रत्येक झाडाखाली उभं राहून, जिथे घर असावं असं वाटे त्या दिशेला तोंड करून ती मोठ्याने विचारायची, "घेऊ का हो थोडी?" थोडा वेळ थांबायची आणि मग पिशवी उघडायची. कुत्रा फिरवणारे लोक तिला "मॉर्निंग" म्हणत पुढे जायचे.

तिसऱ्या आठवड्यात बाबा घरी आले ते हातवारे करतच. एक म्हातारा शिडी लावून झाडावर चढला होता आणि करवतीने फांद्या कापत होता. बाबांनी त्याला खाली बोलावून विचारलं होतं, "परमिशन आहे का?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, झाडाने बोलावलं."

मी त्यांना म्हटलं, इथे तुम्ही पाहुणे आहात, कुणाला परवानगी-बिरवानगी विचारू नका. पण उशीर झाला होता. त्याच संध्याकाळी आमची बेल वाजली. दारात आमच्याच रस्त्यावर चार घरं सोडून राहणारी एक बाई उभी होती, अजून हॉस्पिटलच्या नर्सच्या कपड्यांत. येता-जाता हात हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. ती अवघडून म्हणाली, "माझ्या वडिलांना आज एका भारतीय अधिकाऱ्याने अडवलं. तो याच घरात शिरला असं ते म्हणतात. मला फक्त विचारायचं होतं की तो कोणत्या ऑफिसचा आहे."

बाबा बाहेरच्या खोलीत अर्ध्या चड्डीवर बसून आईला प्लमच्या बिया काढून देत होते. मी तिला आत बोलावलं आणि अधिकारी दाखवला. ती इतकी हसली की आईने तिला आधी पाणी दिलं आणि मग प्लमची चटणी.

ती मूळची रोमानियाची. वडील तिच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते, आणि तेही कंटाळलेलेच होते. तिच्या गावाचं नाव बाबांना शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. तिथल्या महापालिकेत तिच्या वडिलांची उभी नोकरी झाली होती, आणि खात्याचं नाव, तिने शब्दशः भाषांतर करून सांगितलं, "हिरव्या जागा" असं होतं. बाबांना याचं फार आश्चर्य वाटलं.

"फक्त हिरव्या जागांचं वेगळं खातं? आमच्याकडे उद्यान विभाग होता. तीन माळी आणि एक टँकर."

दुसऱ्या दिवशी तो म्हातारा स्वतःच आला. उंच, वाकलेला, डोक्यावर विणलेली टोपी, हातात करवत. बाबांसमोर उभा राहून त्याने टोपी काढली आणि म्हणाला, "दोम्नुले इंजिनेर." त्यांच्याकडे इंजिनिअरला असंच संबोधतात, इंजिनिअरसाहेब म्हटल्यासारखं. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी बाबांना कुणीतरी साहेब म्हटलं होतं. परवानगीचा विषय तिथेच संपला.

त्यानंतर रोज सकाळी दोघं जोडीने निघायचे. दोघांचं इंग्रजी कामचलाऊ आणि एकमेकांपेक्षा वेगळ्या प्रकारे कामचलाऊ होतं, पण पालिकेतली भाषा बहुतेक सगळीकडे एकच असावी. टेंडर, कॉन्ट्रॅक्टर, बजेट, मेयर, पाइप, नो मनी. एवढ्यावर त्यांचे दोन-दोन तास निघत. म्हातारा झाडं कापायचा. प्लमची छाटणी उन्हाळ्यात फळं उतरल्यावरच करायची, थंडीत केली तर झाडाला रोग लागतो, हे त्याने बाबांना शिकवलं. बाबा शिडी धरायचे आणि त्याला मॅनहोलची झाकणं दाखवायचे. कुणाचाच पत्ता नसलेल्या झाडांची तो अशी निगा राखत होता की जणू संध्याकाळी मालक कामावरून परत येणार आहेत.

त्याच्या मुलीकडून मला त्यांच्या गावाची गोष्ट तुकड्या-तुकड्याने कळली. लहानपणी तिच्या बिल्डिंगसमोर गवताचा मोठा पट्टा होता, त्यात वडिलांनी लावलेली लिंडनची झाडं, आणि जूनमध्ये त्यांच्या फुलांचा वास थेट चौथ्या मजल्यापर्यंत. मग गावात मोठ्या कंपन्या आल्या, कॉम्प्युटरवाले आले, घरांच्या किमती वाढल्या. दोन इमारतींच्या मध्ये तिसरी उभी राहिली. एकेका घरात दोन-दोन गाड्या आल्या आणि गवत कमी होत गेलं.

"त्यांच्या ऑफिसला हिरव्या जागा म्हणायचे, आणि दर वर्षी त्यांना एक जागा कमी," ती म्हणाली.

मी त्याच कॉम्प्युटरवाल्यांपैकी एक. मी विषय बदलला.

मार्चच्या शेवटी अक्रोड पडायला लागले. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, पूर्वीच्या एका मोठ्या परसात, अक्रोडाचं एक झाड होतं. त्याचा घेर आमच्या बैठकीच्या खोलीत मावला नसता. म्हाताऱ्याचं ते लाडकं झाड होतं. अक्रोडाची हिरवी साल कशी काढायची हे त्याने आईला दाखवलं, पण हातमोजे घालायला सांगायचं विसरला. त्या सालीचा डाग निघत नाही. आठवड्याभरात पाडवा होता. मराठी मंडळींच्या कार्यक्रमात आई काळेभोर तळहात घेऊन गेली तेव्हा एकीने तिला हळूच विचारलं, "काकू, मेंदी कुठून आणली होती?" आईने तिला डेअरीचं नाव सांगितलं, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाचं. ती बिचारी तिथे जाऊन आली असणार.

पाडव्यानंतरच्या सोमवारी अक्रोडाच्या बुंध्यावर एक गुलाबी फुली उमटली. स्प्रेच्या रंगाने मारलेली, हातभर मोठी. झाडाच्या दोन्ही बाजूंना गवतातही गुलाबी ठिपक्यांची सरळ रांग होती. त्या पट्ट्यातून सायकलींसाठी रस्ता होणार असं लोक बोलत होतेच. म्हातारा आमच्या दारात आला. त्याने बाबांना हाताला धरून नेलं. बाबांनी रांगेच्या एका टोकाला उभं राहून एक डोळा मिटला आणि म्हणाले, "अलाइनमेंट बरोबर आहे. सरळ जायचं तर झाड मध्ये येतंच."

यावर म्हातारा त्यांच्याशी दोन दिवस बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी तो आला आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने भेटवस्तू गुंडाळायच्या कागदाची एक सुरळी उलगडली. पाठची बाजू कोरी होती. बाबांसमोर पेन्सिल ठेवून तो म्हणाला, "तुम्ही रोड माणूस. तुम्ही वळवा."

"वळवला की लांबी वाढते," बाबा म्हणाले.

"सायकल आहे. लांबी वाढली तर लोक पातळ होतील."

बाबांना हसू आलं आणि ते कामाला लागले. आईची कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी त्यांनी मोजणीला नेली. दर मीटरवर तिला लाल दोऱ्याची गाठ मारली. एकाने टोक धरायचं, दुसऱ्याने आकडा ओरडायचा. बाबा इंग्रजीत ओरडायचे आणि म्हातारा स्वतःच्या भाषेत लिहायचा. चार दिवस आमचे कपडे खुर्च्यांवर वाळत होते.

त्यातल्याच एका दुपारी मी घरून काम करत होते. दोघं नकाशावर वाकलेले होते. म्हाताऱ्याने सहज विचारलं, "इंजिनेर, तुमच्या रस्त्याला मध्ये झाड आलं, तर तुम्ही काय केलं?"

"तोडलं."

"किती?"

बाबांनी खोडरबर उचललं, खाली ठेवलं. "अकरा चिंचा. एका रस्त्यावर. जुन्या होत्या, शंभरेक वर्षांच्या."

मला माहीत होत्या त्या चिंचा. माझ्या शाळेच्या वाटेवर होत्या. मी चौथीत असताना त्या गेल्या आणि तिथे चौपदरी रस्ता आला, आणि हा माझ्या बाबांनी केलाय असं मी वर्गात सांगत फिरायचे. अकरा होत्या हे मात्र मला माहीत नव्हतं. त्यांनी मोजल्या असतील असंही वाटलं नव्हतं.

मला वाटलं, आता पुन्हा दोन दिवसांचा अबोला. पण म्हातारा खुर्चीत मागे टेकला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून बोलायला लागला. त्यांच्या गावात एका बागेचा कोपरा पार्किंगला द्यायचं ठरलं. हिरव्या जागांच्या खात्याची हरकत नाही असा कागद लागत होता. त्या वर्षी मुलगी नर्सिंग शिकायला बाहेरगावी गेली होती, त्याला नोकरी टिकवायची होती, त्याने सही केली. बावीस लिंडन. त्यातले नऊ त्याने स्वतः लावले होते.

"तुम्ही रोड माणूस, तुमचं काम होतं," तो म्हणाला. "मी बागवाला. आणि सही माझी."

बाबांनी पेन्सिलीला टोक केलं आणि म्हणाले, "इथून वळण सुरू करू. जरा आधीपासून. म्हणजे सायकलवाल्याला कळणारही नाही." आईने चहा ठेवला. तिने काही ऐकलंच नसल्यासारखं दाखवलं, पण त्या दिवशी तिने म्हाताऱ्याला न विचारताच चहात साखर कमी घातली, कारण सकाळी तो डायबेटिसबद्दल काहीतरी म्हणाला होता. तिचं लक्ष सगळीकडे असायचं.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी जवळच्या हॉलमध्ये लोकांना बोलावलं होतं. रेड झोनची जमीन बघणाऱ्या ऑफिसची माणसं येणार, नकाशे लावणार, ज्याला जे म्हणायचंय ते त्याने येऊन सांगायचं. बाबांनी भारतातून आणलेला कोट घातला. म्हाताऱ्याने टाय लावला. आम्ही दोघी मुली दुभाषी म्हणून मागे, आणि आई तिच्या डब्यासह.

भिंतीवर मोठा नकाशा होता. टेबलावर हिरव्या टिकल्यांची पाकिटं ठेवली होती. तुम्हाला काय जपावंसं वाटतं तिथे टिकली लावा, असा कागद होता. आईने एक पाकीट उचललं आणि शांतपणे एकेक प्लमचं झाड शोधून टिकल्या लावायला सुरुवात केली.

नकाशाजवळ एक तरुण ऑफिसर उभी होती. तिने सगळ्यांना "किया ओरा" म्हटलं, म्हणजे इथला माओरी नमस्कार. बाबांनी हात जोडले, म्हाताऱ्याने टोपी काढली, आणि दोघांनी मिळून टेबलावर ती सुरळी उलगडली. वरची बाजू चुकून चकाकत्या फुग्यांची आली, मग उलटली. बाबांनी पाच मिनिटं वळण समजावून सांगितलं. तिने सगळं मनापासून ऐकलं आणि म्हणाली, "फारच सुंदर काढलंय. पण इथे आम्ही सायकलचा रस्ता करत नाही आहोत."

"मग ती फुली?" मी विचारलं.

"ती झाड तोडायची फुली नाही. खालून जुना सांडपाण्याचा पाइप जातो. तो कुठून जातो त्याची ती खूण आहे. झाड राहणार आहे."

म्हाताऱ्याच्या मुलीने हे त्याला सांगितलं. त्याने खुर्ची ओढली आणि बसला. मला वाटलं, झालं, आता चहा पिऊन घरी. पण बाबांनी हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. ते बिस्किट खाली ठेवतात तेव्हा काहीतरी असतं.

"पाइपाचं काय करणार?"

"काढणार."

"खोली किती?"

तिने कागद बघितला. "अडीच मीटर. काही ठिकाणी तीन."

"अडीच मीटर चर खणणार, झाडाच्या खालून. मग झाड कशावर उभं राहणार?"

ती नकाशाकडे वळली. बाबांनी पुढचा प्रश्न विचारला, आणि तो इतका साधा होता की मला आधी थोडी लाजच वाटली. "त्या पाइपातून आता कुणाचं पाणी वाहतं?"

"कुणाचं नाही. घरंच नाहीत ना."

"मग काढता कशाला?"

तिचं म्हणणं, पोकळ पाइप आत ठेवला तर पुढे कधीतरी वरची जमीन बसते. बाबा म्हणाले, दोन्ही टोकं बंद करा, आत पातळ सिमेंट भरा आणि राहू द्या तिथेच. आपण हे आपल्या गावात केलेलं आहे, झकास टिकलंय. ती हे लिहून घेत होती. मी नंतर घरी विचारलं, "खरंच केलं होतंत?" तर म्हणाले, "एकदा. खणायचं मशीन बंद पडलं होतं म्हणून."

निघताना बाबांनी तिला सांगितलं की हा नकाशा आम्ही देतोय तर त्याची पोच द्या. पोच म्हणजे काय हे समजावण्यात आमचा बराच वेळ गेला. शेवटी तिने एका कोऱ्या कागदावर लिहिलं, नकाशा मिळाला, थँक्स हीप्स, आणि खाली हसरा चेहरा काढला. बाबांनी गाडीत तो कागद दोनदा वाचला.

"हीप्स म्हणजे?"

"ढीगभर."

"ढीगभर धन्यवाद. ऑफिसच्या कागदावर." त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. "आम्हाला कुणी लिहू दिलं नसतं."

जूनमध्ये पत्र आलं. पाइप जागच्या जागी भरून बंद करणार, झाडाखाली खणणार नाही. ठेकेदाराने केलेली पाहणी आणि नागरिकांच्या सूचना यांवरून हा निर्णय घेतला, असं त्यात लिहिलं होतं. बाबांनी "नागरिकांच्या सूचना" या शब्दांखाली पट्टी धरून रेघ मारली. मी त्या ऑफिसरला आभार मानायला फोन केला तेव्हा ती प्रामाणिकपणे म्हणाली की ठेकेदारालाही तेच सोपं वाटत होतं. बाबांना मी हे सांगितलं नाही. आता वाचतील तेव्हा वाचतील.

म्हातारा जूनच्या शेवटी परत गेला. निरोपाच्या दिवशी त्याने बाबांना मिठी मारली आणि दोन्ही गालांचा मुका घेतला. बाबा खांबासारखे उभे राहिले. त्यांच्या आयुष्यात असं कुणी केलं नव्हतं. आईनेसुद्धा चार लोकांत नाही. त्यानंतर आई-बाबा आणखी महिनाभर होते. बाबा सकाळी एकटेच फिरायला जायचे आणि लवकर परत यायचे.

मला वाटलं होतं, ओळख इथे संपली. दोघांनाही लिहिता येईल अशी एक भाषा नव्हती. पण २०१८मध्ये एका रविवारी ती नर्स फोन हातात घेऊन आली. तिच्या गावी, त्यांच्या बिल्डिंगसमोरच्या गवताच्या पट्ट्यावर पालिका पार्किंग करणार होती. तोच पट्टा, तिच्या लहानपणीचा. सुनावणी होती, आणि वडिलांना इंजिनेरचं मत हवं होतं.

"पण त्यांनी ती जागा पाहिलेलीही नाही," मी म्हटलं.

"पप्पा म्हणतात, त्यांनी मोजमापं पाठवली आहेत. दोरीने घेतलेली."

मी ती मोजमापं बाबांना पाठवली. मला वाटलं ते लिहितील, झाडं वाचवा, हवा शुद्ध राहते, असं काहीतरी. पाच दिवसांनी त्यांच्याकडून चार कागद आले. त्यात हवेबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळं पार्किंगबद्दल होतं. त्यांच्या पालिकेने गाड्या सरळ लावायचं धरलंय, म्हणून मध्ये येण्या-जाण्याला रुंद वाट लागते, आणि म्हणून सगळं गवत जातं. गाड्या तिरक्या लावा, वाट एकेरी करा. रुंदी पुष्कळ कमी लागेल. चार गाड्या कमी बसतील, पण बिल्डिंगकडची निम्मी बाग झाडांसह जशीच्या तशी राहील. सोबत आकृती, मोजमापं, गाडी कशी वळेल त्याचे बाण. प्रत्येक कागदावर सही आणि त्यांचा रबरी शिक्का, निवृत्त नगर अभियंता, पूर्ण मराठीत.

मी फोन केला. "बाबा, शिक्का इंग्रजीत तरी करून घ्यायचा."

"शिक्का हा शिक्का असतो."

त्यांचं बरोबर होतं. सुनावणीत म्हाताऱ्याने ते कागद मांडले तेव्हा तो शिक्का हातोहात फिरला म्हणे. वाचता कुणालाच आला नाही, त्यामुळे वादही कुणी घातला नाही. समोर बसलेल्या त्यांच्या वाहतूक खात्याच्या माणसाने आकृती बघितली, स्वतःच्या कागदावर काहीतरी आकडेमोड केली आणि मान्य केलं की असं होऊ शकतं. सगळी बाग वाचली नाही. रस्त्याकडची पाच झाडं गेली. म्हाताऱ्याने ती पडताना बघायची नाहीत असं ठरवलं होतं, पण मुलगी म्हणाली, तो पूर्ण दिवस खिडकीत उभा होता.

२०१९च्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडे रोमानियातल्या, त्याने फोटो पाठवला. डावीकडे तिरक्या लावलेल्या गाड्यांची रांग, उजवीकडे लिंडनची राहिलेली झाडं, खाली बाक, आणि बाकावर म्हातारा, टायसह. मी तो बाबांना पाठवला आणि लगेच फोन लावला. ते फोटो मोठा करून बघत होते. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"छान दिसतोय ना?" मी म्हटलं.

"झाडं चांगली आहेत. जुनी आहेत." मग थोडं थांबून, "पण ती तिसरी गाडी बघ. पांढरी. त्याने सरळ लावली आहे. आपल्या बागवाल्याला सांग, जमिनीवर पट्टे मारून घ्या म्हणावं. पट्टे नसले की लोक असंच करतात."

मी म्हटलं, सांगते. आणि चार घरं सोडून पलीकडे सांगायला गेले.